करंजवण्याचे चार सेकंद

"मॅडम, तुमच्या हाताला कंप होता का?"

रविवारी सकाळी माझ्याच पडवीत बसून, माझ्या हातचं कोकम सरबत पिता पिता निनाद सबनीसांनी मला हे विचारलं. माणूस तसा सभ्य. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, बूट दाराबाहेर काढून आलेला. म्हणून मी आधी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हटलं, "सत्तावीस वर्षं मी क्रेनवर चाळीस मीटर उंच बसून जहाजांवरून तीस-तीस टनांचे कंटेनरचे डबे उतरवलेत. माझ्या हातानं पोचा पडलेला एक डबा दाखवा, मी आत्ता उठून तुमच्या पाया पडते. कंप म्हणे!"

शेजारी माझी मुलगी शर्वरी बसली होती. ती आमच्या करंजवणे बंदराची नियोजन अधिकारी. सबनीस तिचे वरिष्ठ नव्हेत. बंदरातल्या क्रेन ज्या यंत्रावर चालतात, ते बनवणाऱ्या कंपनीचे ते मुख्य अभियंते. पण त्यांच्यापुढे बंदरातले सगळेच जरा वाकून असतात. शर्वरीनं डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. गप्प राहणारी असते तर मी क्रेनवर चढले असते का?

"तसं नाही हो," सबनीस म्हणाले. "यंत्र जहाजावरून डबा आणतं, धक्क्यावर उभ्या ट्रेलरच्या वर, माणसाच्या छातीच्या उंचीला टांगून धरतं. जहाजावर डबा जखडून ठेवणारी चार कोपऱ्यांची चार कुलपं खालचे कामगार काढतात. इथवर ठीक. कुलपं सुटल्याचं सेन्सर सांगतो, हिरवा दिवा लागतो, तरीही यंत्र आणखी थांबतं. सरासरी चार सेकंद. कधी दोन, कधी सात. आम्हाला कारणच सापडत नाही. यंत्र तुमच्याकडून शिकलंय, तेव्हा कारण तुमच्यातच असणार."

कारण मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "आणखी सरबत घेता का?"

आता हे यंत्र काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टांगलेला डबा म्हणजे लोलक. वारा आला की तो झोके घेतो. नुसत्या गणितावर चालणारी क्रेन झोका मोजते आणि मग तो मोडते. शांत खाडीतल्या बंदरात हे चालून जातं. आमचं बंदर उघड्या समुद्रावर. इथं झोका मोजून होईपर्यंत दुसरा झोका आलेला असतो. चांगला चालक झोका येण्याआधीच दांडा हलवतो. पाण्यावरची सुरकुती, जहाजाच्या निशाणाची फडफड, खुर्चीखालची थरथर, यावरून त्याला कळतं. कसं कळतं म्हणून विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. म्हणून कंपनीनं गणित बाजूला ठेवलं आणि नक्कल करणारं यंत्र बनवलं. सात वर्षं माझ्या हातात पातळ मोजे, डोळ्यांवर नजर टिपणारा चष्मा, खुर्चीत दाब मोजणाऱ्या पट्ट्या. तीन लाखांच्या आसपास डबे मी तसे उतरवले. त्या सगळ्या नोंदींतून यंत्र माझा हात शिकलं. नाव काय ठेवलं? ‘हस्तक’! मराठीत हा शब्द कसल्या माणसांसाठी वापरतात, ते कंपनीला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि माझा हात कामावर राहिला. आज तो अकरा बंदरांत आहे. विमा कंपन्या एकाच प्रमाणित हाताला मान्यता देतात, म्हणून सगळीकडे तोच. त्यात काही बदलायचं तर पुन्हा मलाच खुर्चीत बसवून नवी नोंद करावी लागते.

आणि चार सेकंदांचं एवढं काय? तर हल्ली जहाजं बंदर ठरवून निघत नाहीत. अर्ध्या समुद्रात असताना त्यांचं गणकयंत्र सगळ्या बंदरांचे ताजे आकडे बघतं आणि सुकाणू वळवतं. एका जहाजाचे चोवीसशे डबे, तीन क्रेन, म्हणजे क्रेनमागे आठशे डबे. डब्याला चार सेकंद वाया गेले की जहाज जवळपास तासभर जास्त धक्क्याला. दुसऱ्या बंदरात तासभरानं फार बिघडत नाही. आमच्या बंदराचं तोंड उथळ. भरलेलं जहाज भरतीलाच बाहेर पडतं. भरती तासभरानं चुकली की बारा तास थांबा. त्यामुळे चार सेकंदांचा आमचा अर्धा दिवस होतो, आणि जहाज सरळ उत्तरेच्या शिवराळे बंदराकडे वळतं. तिथं पाणी खोल आहे.

म्हणजे माझाच हात शिवराळ्यात बसून माझ्याच गावची जहाजं पळवत होता.

सबनीस गेल्यावर शर्वरी माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. मी सुरमईला मीठ-हळद लावत होते.

"आई, तुला माहितीये ते चार सेकंद कसले आहेत."

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस? दिवाळीपर्यंत आकडा सुधारला नाही तर जहाज कंपनी करार मोडणार आहे. करार मोडला की बंदर बंद. साडेसातशे माणसं घरी बसतील, त्यांत मीही. तुला गंमत वाटते का?"

मग मी तिला सांगितलं. आमच्या गँगची एक रीत होती. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकर एकेक मागणं म्हणतो आणि सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतात, तशीच. डबा छातीच्या उंचीला आला की खालचे चौघं कुलूप काढायचे आणि काम झालं की ज्यानं त्यानं आपापला हात वर करून "होय" म्हणायचं. मला चाळीस मीटरवर ऐकू कुठलं येणार? मी हात मोजायची. चार हात वर दिसले की डबा खाली. तीन दिसले तर डबा तिथंच.

"पण कुलपात सेन्सर आहे ना!" शर्वरी म्हणाली. "सुटलं की कळतं."

"कुलूप सुटलं ते कळतं गं. हात सुटला ते कळतं का?"

ती म्हणाली, "हात काढायला लोक मूर्ख आहेत का? हिरवा दिवा त्यांनाही दिसतो. आई, चार सेकंद. फक्त बसायचं आणि दिवा लागला की उतरवायचं. तीनशे डबे, दोन दिवसांचं काम. बंदर वाचेल."

"नाही जमायचं."

"कारण?"

"नाही म्हटलं ना!" मी इतक्या जोरात बोलले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. शर्वरी पर्स उचलून निघून गेली. जेवायलाही थांबली नाही. सुरमई मी एकटीनं खाल्ली आणि ती मला कडू लागली.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. रीत आपोआप पडली नव्हती. क्रेनवर माझं दुसरंच वर्ष होतं. खाली एकानं अंगठा दाखवला, मी त्याच्या भरवशावर डबा सोडला. त्यानं चौघांच्या वतीनं सांगून टाकलं होतं. सदू मेस्तचा हात तेव्हा कोपऱ्यातच होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली. कागदावर शेरा पडला, "कामगाराचा निष्काळजीपणा". मी पोरगी, बंदरातली पहिली बाई चालक, सगळे माझ्या चुकीची वाटच बघत होते. मी तोंड उघडलं नाही. आमचा मुकादम बाबी तांडेल, आता तो नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी चौघांना उभं केलं आणि सांगितलं, यापुढे कुणी कुणाच्या वतीनं होय म्हणायचं नाही. कंपनीनं हात घेताना अर्जावर विचारलं होतं, "कामाच्या विशेष सवयी?" मी लिहिलं, "नाहीत". होयची रीत सांगायची तर सदूची बोटं सांगावी लागली असती.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं एक बाई माझ्याकडे आली. तिशीतली, पायांत जाड बूट, हातात केळ्यांची फणी. "मी रेहाना पारकर. शिवराळ्याहून. धक्क्यावर कुलपं काढते. तुम्हीच ना त्या हातवाल्या ताई?"

नाव मोठं झालं होतं म्हणायचं! मी तिला आत घेतलं.

रेहानानं सांगितलं ते ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली. एकदा कपाळाचा घाम पुसायला तिनं हात वर केला आणि डबा चटकन खाली आला. तिला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी चौघींनी ठरवून हात वर केले. यंत्रानं जराही न थांबता डबा उतरवला. हात खाली ठेवले तर रेंगाळलं. शिवराळ्यात ही रीत कुणाला ठाऊक नव्हती. होयही नाही, बाबी तांडेलही नाही. त्यांच्या त्यांनीच ती यंत्राकडून उलटी शोधून काढली होती.

"आम्ही म्हटलं, यंत्र आम्हाला विचारतंय," रेहाना म्हणाली. "बरं वाटलं, ताई. तिथं दुसरं कोण विचारतं? पण ते सातच सेकंद थांबतं. सात झाले की हात वर असो नसो, डबा खाली. गेल्या महिन्यात आमच्या मंजुळाचा हातमोजा कुलपात अडकला. आठवा सेकंद. अंगठा गेला तिचा."

माझी माणसं पटापट काम करायची. सात सेकंदांच्या आत माझे चार हात नेहमीच वर व्हायचे. त्यामुळे त्यापुढं काय करायचं ते यंत्रानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं आपलं ठरवलं की सातनंतर सोडायचं. मंजुळाचा अंगठा माझ्याच हातानं गेला होता. मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. रेहाना बिचारी घाबरली, पाणी शोधायला मोरीपर्यंत जाऊन आली.

संध्याकाळी मी शर्वरीला फोन केला आणि भांडण बाजूला ठेवून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, थांब. मला जुन्या नोंदी बघू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर माझी क्रेन, माझा डबा, आणि धक्क्यावर चार राखाडी डाग.

"हे काय?"

"ही तुझी गँग. खासगीपणाचा कायदा. कामगारांची संमती घेतली नव्हती, म्हणून यंत्राला शिकवताना त्यांना पुसून टाकलं. यंत्रानं माणसं बघितलीच नाहीत, डाग बघितले. डाग जरा उंच झाला की तुझा हात उतरतो, एवढंच त्याला अंधुक कळलंय. नक्की दिसत नाही म्हणून ते घुटमळतं. चार सेकंद त्या घुटमळण्याचे आहेत."

मी पडद्याजवळ तोंड नेऊन बघितलं. डावीकडचा डाग सदूचा, तो जरा वाकून उभा राहायचा. सत्तावीस वर्षं माझ्याबरोबर उन्हात उभी राहिलेली माणसं, आणि त्यांना फडक्यानं पुसल्यासारखं पुसून टाकलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि माणसं स्वच्छ दिसली तर?"

"तर घुटमळायचं कारणच उरणार नाही," शर्वरी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज बदलला. "चार हात दिसले की उतरेल. नाही दिसले तर... तू शिकवशील तसं."

सदूच्या अंगणात आम्ही जमलो. सदू, कुंदा पराडकर आणि फिलीप फर्नांडिस, तिघंही निवृत्त. चौथा कोपरा पुढं बाबीनं स्वतः धरला होता, तिथं हल्लीच्या पाळीतली त्याची सून वैदेही. मी आधी सदूपुढं उभी राहिले आणि सांगितलं की तू निष्काळजी नव्हतास, डबा मी सोडला होता, आणि हे मी नोंदीवर सांगणार आहे.

"अगो दमयंती, तां माका म्हायत नाय काय?" सदू म्हणाला. "माका त्याच दिवशी म्हायत होता. बोटां माझी गेली आणि झोप तुझी गेली. सोड आता."

"तू बोललंस कित्याक नाय?"

"तुका काढून टाकल्यानी असती. मग दुसरो कोणतरी खुळो वर बसलो असतो. तेच्यापेक्षा तू बरी."

मी त्यांना पडद्यावरचे डाग दाखवले आणि संमतीच्या कागदावर सही मागितली. कुंदा कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि भडकली. "आमका पुसून टाकल्यानी? शिरा पडो तेंच्या तोंडार! सय करतंय मी. पण माझा तोंड साफ दिसाक व्हया, सांगान ठेवतंय."

फिलीप आमच्यातला विचारी. त्यानं शर्वरीला विचारलं, "आणि सय केल्यार आमी तेंचे गुलाम? उद्या मागे घेवची झाली तर?"

शर्वरीनं कायद्याचं पान काढलं. संमती देणाऱ्याला ती कधीही परत घेता येते. ज्या नोंदीवर यंत्र शिकलंय तिच्यातल्या एकानं जरी संमती काढली, तरी त्या हाताचं प्रमाणपत्र रद्द. अकराही बंदरांत. फिलीपनं ते पान दोनदा वाचलं, मग पेन मागितलं.

मी सबनीसांना कळवलं, बसते. खाली माझीच माणसं उभी राहतील आणि त्यांना पुसायचं नाही. ते खूश झाले. नोंद जितकी स्वच्छ तितकं यंत्र चांगलं शिकतं, मॅडम, म्हणाले. मी काय शिकवणार आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नोंदीच्या दिवशी सकाळी मी सहा वर्षांनी शिडी चढले. गुडघे कुरकुरले, पण खुर्चीत बसले आणि दांडा हातात आला तेव्हा खरंच सांगते, लग्नाच्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता. खाली चार कोपऱ्यांना चौघं. नियंत्रण खोलीत सबनीस आणि शर्वरी. यंत्राला नुसतं उदाहरण पुरत नाही, हे बरोबर आणि हे चूक असं प्रत्येक वेळी कुणीतरी सांगावं लागतं. नियमानं तो शेरा कंपनीनं मारायचा नसतो, बंदराच्या अधिकाऱ्यानं मारायचा असतो. म्हणजे शर्वरीनं.

पहिले चाळीस डबे झकास गेले. हात वर, डबा खाली. हात स्वच्छ दिसत होते आणि मीही रेंगाळत नव्हते. सबनीस वॉकीटॉकीवर "सुंदर, सुंदर" म्हणत होते.

एकेचाळिसाव्या डब्याला तीन हात वर झाले. सदूनं हात खाली ठेवला. आमचं तसंच ठरलं होतं.

दिवा हिरवा झाला. मी डबा धरून ठेवला. सात सेकंद गेले, दहा गेले, अर्धं मिनिट गेलं.

"मॅडम, कुलपं सुटलीत. उतरवा."

"सदू मेस्तचा हात खाली आहे."

"हा नोंदीतला दोष होईल. सेन्सर हिरवा आहे. उतरवा."

"नाही उतरवत."

दोन मिनिटं झाली. वारा वाढला, डबा झोके घ्यायला लागला, मी झोका मोडत राहिले. दंड भरून आले. सबनीसांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करताय! बंदर बंद पडेल, त्याला तुम्ही जबाबदार असाल. तुमच्या मुलीलाही हे भोवेल!"

मग मी वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं. त्या वाहिनीवर सगळा धक्का ऐकत असतो, ट्रेलरचे ड्रायव्हर, जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवरचे, सगळे.

"मी दमयंती मयेकर बोलतेय. नोंद चालू आहे ना? मग हेही नोंदवा. सदानंद मेस्तची दोन बोटं त्याच्या निष्काळजीपणानं गेली नाहीत. मी न बघता डबा सोडला होता आणि मग तोंड शिवून बसले होते. आणि शिवराळ्याच्या मंजुळाचा अंगठा माझ्याच हातानं घेतला, कारण त्या हाताला तुम्ही माणसं दाखवलीच नव्हती. आता तो हात शिकतोय. चार माणसांनी आपापलं होय म्हटल्याशिवाय हा डबा उतरणार नाही. सातव्या सेकंदाला नाही, सातशेव्या सेकंदालाही नाही. मला खुर्चीतून ओढून काढायचं असेल तर या वर, शिडी तिथंच आहे!"

खाली एका ट्रेलरवाल्यानं भोंगा वाजवला. मग दुसऱ्यानं. मग टगवरून वाजला, आणि मला माझा स्वतःचा श्वासही ऐकू येईना.

नियंत्रण खोलीत काय झालं ते मला नंतर शर्वरीनं सांगितलं. सबनीस तिला म्हणाले, "या डब्यावर ‘चूक’ मारा आणि नोंद बंद करा." तिच्यासमोर दोन चौकोन होते. तिनं काचेतून खाली बघितलं. सदू एक हात खाली ठेवून उभा होता आणि त्याच्या डोक्याजवळ तीस टन लोखंड तरंगत होतं.

"सर," ती म्हणाली, "माणसानं हात खाली ठेवला आणि डबा थांबला. याला चूक कशी म्हणू?"

आणि तिनं ‘योग्य’ दाबलं.

अकराव्या मिनिटाला सदूनं हात वर केला. मी डबा इतका अलगद ठेवला की ट्रेलर हललासुद्धा नाही. पुढच्या अडीचशे डब्यांत आम्ही असं तीसेक वेळा केलं, कधी सदू, कधी कुंदा, कधी फिलीप, कधी वैदेही. शर्वरीनं प्रत्येक वेळी ‘योग्य’ दाबलं. सबनीस अर्ध्यातून उठून गेले.

ते आकडे घेऊन परत आले ते चार दिवसांनी, आणि चेहरा असा की रडावं की हसावं त्यांना कळत नव्हतं. नव्या हाताची चाचणी झाली होती. चार सेकंदांचा थांबा सव्वा सेकंदावर आला होता. यंत्र आता घुटमळत नव्हतं. चार हात दिसले की त्याच क्षणी डबा खाली. हात दिसले नाहीत तर मात्र ते हलायला तयार नव्हतं, काही केल्या नाही. त्यांच्या वरिष्ठांनी फक्त सव्वा सेकंद बघितला आणि मंजूर करून टाकलं. दिवाळीच्या आठवड्यात पहिलं जहाज भरती संपायला वीस मिनिटं असताना आमच्या बंदराच्या तोंडातून बाहेर पडलं. जहाज कंपनीनं करार तीन वर्षांनी वाढवला.

शर्वरीला समज देणारं पत्र मिळालं. माझ्यावर जुन्या अपघाताची चौकशी बसली. मी गेले, सगळं सांगितलं, सदूच्या नावापुढचा निष्काळजीपणा खोडला गेला. माझं चालकाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. घ्या म्हटलं. त्या कागदाचं ओझं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फेब्रुवारीत एका दुपारी मी ओले बोंबील दांडीवर टाकत होते, तर सबनीसांचा फोन. आवाज हळू, पण घाईचा.

"मॅडम, शिवराळ्यात सगळ्या क्रेन थांबल्यात. सकाळपासून."

"यंत्र बिघडलं?"

"बिघाड काही नाही. तिथल्या व्यवस्थापनानं कालपासून कोपऱ्यांवरची माणसं कमी केली. क्रेनमागे तीन. एकानं दोन कोपरे बघायचे. रेहाना पारकर म्हणून कुणी आहे, तिला काढलं. आता उरलेले तिघं हात वर करतात आणि डबा तसाच लटकतो. दोन जहाजं तुमच्याकडे वळलीत."

माझ्या गावाला फायदाच होता. दोन जहाजं म्हणजे शर्वरीचा आकडा कुठच्या कुठं जाणार. मी बोंबील हातात धरून तशीच उभी राहिले.

"तुम्ही पुन्हा एकदा बसाल का?" सबनीस म्हणाले. "प्रमाणपत्राचं मी बघतो. यंत्राला तीन हातांवर उतरायला शिकवायचं आहे. शंभर डबे पुरतील."

"साहेब," मी म्हटलं, "डब्याला कोपरे किती?"

"चार," ते म्हणाले.

"मग रेहानाला परत बोलवा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.